पाडव्याचं ओवाळणं

दिवाळीचे बाकीचे दिवस कसेही निभावून नेता येतात. खरी पंचाईत होते ती पाडव्याला. गेल्या दिवाळीत भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याला आमच्या नात्यातल्या एका घरी मुक्काम होता. पुण्याहून मुलगा आणि सून आलेली. दोघांचा घटस्फोटाचा अर्ज कोर्टात आहे, हे पाहुण्यांत एकट्या मलाच ठाऊक! फराळाला बसताना सूनबाई म्हणाली, "ह्यांना चिवडा फार तिखट चालत नाही," आणि माझाच घास अडला.

कायद्याचं या सोंगाशी वाकडं नाही बरं का. परस्परसंमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आला. त्यासाठी निदान वर्षभर वेगळं राहावं लागतं. पण एका छपराखाली असूनही नवराबायकोसारखं न राहणं हेही वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगितलं. ओवाळणीच्या तबकाबद्दल मात्र कोणी काही सांगून ठेवलेलं नाही.

संध्याकाळी पाट मांडला. तिनं ओवाळलं, त्यानं तबकात पाकीट ठेवलं. सासूबाई तबक उचलायला वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे शेवटचंच ना गं?"

तिनं मान हलवली.

"मामंजींना उद्या तुम्ही निघेपर्यंत कळू देऊ नकोस. चकल्यांचा डबा दोघांचा वेगवेगळा भरते."