स्वतः जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर : बचत नेमकी कशात?

किटची पेटी उघडली की हाती फारसे काही लागत नाही. छापील सर्किटची एक पाटी, चिमूटभर रेझिस्टर, काही कपॅसिटर, पाच पायांचा एक आयसी, त्याची उष्णता बाहेर टाकणारा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा आणि घडी घातलेला एक कागद. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फिरले की अ‍ॅम्प्लिफायरचे असे संच आजही दिसतात. महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी असा संच घरी घेऊन आली की पेढीवर बसणाऱ्या वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तयार यंत्र याहून स्वस्त मिळते ना? मग हा खटाटोप कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. व्यापारी घरात त्याचे उत्तरही हिशेबानेच द्यावयास हवे.

एके काळी हा हिशेब अगदी निराळा होता. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांच्या अंकांत 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकाने डी. टी. एन. विल्यमसन या अभियंत्याच्या अ‍ॅम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. पंधरा वॅट शक्ती देताना त्यातील विकृती एक दशांश टक्क्याहूनही कमी होती. त्या काळी हे माप विलक्षण होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक भागाचे मूल्य लेखात छापलेले होते. ज्याच्या हाती सोल्डरिंगची इस्त्री आणि अंगी चिकाटी होती, त्याला उत्तम प्रतीचे संगीत घरी ऐकण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

त्याच वर्षी अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बर येथे हीथ कंपनीने एक धाडस केले. एडवर्ड हीथ यांची ही मूळ कंपनी विमाने घरी जोडण्याचे संच विकत असे. १९३१ साली विमान अपघातात त्यांचे निधन झाले आणि पुढे १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनी यांनी ती विकत घेतली. महायुद्ध संपल्यावर सैन्याचे उरलेले इलेक्ट्रॉनिक भाग स्वस्तात विक्रीस निघाले होते. अँथनी यांनी तो माल उचलला आणि १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचा संच अवघ्या ३९.५० डॉलरना बाजारात आणला. तयार ऑसिलोस्कोप घेणे तेव्हा सामान्य दुरुस्ती कारागिराच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढे 'हीथकिट' या नावाने विल्यमसन पद्धतीचे अ‍ॅम्प्लिफायरही घरोघरी जोडले गेले. त्यासोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक कृतीपुढे एक रिकामी चौकट असे. एक तार जोडली, एक खूण केली, मगच पुढची तार. ज्याने आयुष्यात कधी इस्त्री धरली नाही, त्यालाही यंत्र पुरे करता यावे, हा त्यामागील हेतू होता.

फिलाडेल्फियाच्या डेव्हिड हॅफ्लर यांनी या व्यवसायाला आणखी एक दृष्टी दिली. १९५५ च्या सुमारास त्यांनी डायनाको ही कंपनी काढली आणि १९५९ मध्ये 'स्टिरिओ ७०' हा संच आणला. प्रत्येक बाजूस ३५ वॅट आणि किंमत शंभर डॉलरच्या आत. कोणते काम स्वतःकडे ठेवावे आणि कोणते ग्राहकावर सोपवावे, याचा त्यांनी नेमका विचार केला होता. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा सर्वांत अवघड भाग. तो कंपनी स्वतः तयार करून देई. नाजूक भागांची छापील पाटीही कारखान्यातच जोडून मिळे. मोठे भाग बसवणे, तारा ओढणे, पेटी बंद करणे ही वेळखाऊ कामे ग्राहकाच्या वाट्यास येत. जेथे चूक महागात पडते ते काम विक्रेत्याकडे, जेथे फक्त वेळ लागतो ते ग्राहकाकडे. कोणत्याही व्यापारात लक्षात ठेवावी अशी ही विभागणी आहे.

या साऱ्या व्यवसायाचा पाया एकच होता. तयार यंत्राच्या किमतीत मजुरीचा वाटा मोठा असे आणि ती मजुरी ग्राहक स्वतः करत असल्याने संच स्वस्त पडे. पुढे छापील सर्किट, आयसी आणि भाग आपोआप बसवणारी यंत्रे आली. जोडणीची मजुरी नगण्य झाली आणि सुटे भाग किरकोळीने घेणेच महाग पडू लागले. ज्या खर्चाची बचत विकायची तो खर्चच उरला नाही. १९९२ मध्ये हीथ कंपनीने संचांची विक्री थांबवली. तेव्हा आजच्या वडिलांचा हिशेब पैशापुरता बरोबर आहे. आयसी आणि रेझिस्टर स्वस्त असले तरी ट्रान्सफॉर्मर आणि पेटी यांचा खर्च जमेस धरला की घरी जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर स्वस्त पडत नाही.

मग जमेच्या बाजूस काय उरते? हे समजण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर आत काय करतो ते पाहावे लागेल.

टेलिफोनचे संभाषण दूर पोहोचवताना वाटेत ते वारंवार मोठे करावे लागे आणि दर टप्प्यावर त्यात थोडी विकृती मिसळत जाई. बेल कंपनीतील अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना हा प्रश्न अनेक वर्षे छळत होता. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदीवरील फेरीबोटीने कामावर जाताना त्यांना उत्तर सुचले आणि हातातील वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी ते मांडून ठेवले. बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा ठरावीक हिस्सा परत आत आणावा, मूळ ध्वनीशी ताडून पाहावा आणि जो फरक निघेल तो तत्क्षणी दुरुस्त करावा. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. या शोधाचे पेटंट मिळण्यास १९३७ साल उजाडले. विल्यमसन यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचे यशही याच तत्त्वावर उभे होते.

व्यापाऱ्याला हे तत्त्व नवे नाही. आपली खातेवही आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवून जो ताळमेळ घेतला जातो, तो हाच. फरक आहे तो वेगाचा. वहीचा ताळमेळ महिन्याने होतो, अ‍ॅम्प्लिफायरचा अखंड चालू असतो.

बाजारातील साध्या संचांत टीडीए २०३० हा आयसी वारंवार आढळतो. तो मोकळा सोडला तर आवाज सुमारे ३०,००० पट मोठा करू शकतो. प्रत्यक्षात मात्र त्याच्याकडून केवळ ३३ पट काम घेतले जाते. २२,००० ओहम आणि ६८० ओहम असे दोन रेझिस्टर हे प्रमाण ठरवतात : २२,००० भागिले ६८०, अधिक एक. उरलेली सारी ताकद चूक सुधारण्याच्या कामी लागते. वाढ कमी घ्यायची आणि त्या बदल्यात अचूकपणा मिळवायचा, असा हा सौदा आहे.

आता त्या दोन रेझिस्टरांकडे पुन्हा पाहावे. २२,००० ओहमवर लाल-लाल-नारिंगी पट्टे असतात, दोन लाख वीस हजारांवर लाल-लाल-पिवळे. रात्री मंद दिव्याखाली नारिंगी आणि पिवळा यांत सहज गल्लत होते. चुकीचा रेझिस्टर बसला तर वाढ ३३ ऐवजी सुमारे ३२४ पट होते, दुरुस्तीची ताकद दहापटीने घटते आणि सूं असा आवाज ऐकू येऊ लागतो. एका शून्याची चूक खातेवहीत जे करते तेच येथेही करते. म्हणून प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजावा, कागदावर खूण करावी आणि मगच पाटीवर बसवावा. आधी रेझिस्टर, मग कपॅसिटर, शेवटी आयसी हा क्रम मोडू नये.

सोल्डरिंगला २५ वॅटची इस्त्री पुरते. इस्त्रीचे टोक पाटीला आणि भागाच्या पायाला एकाच वेळी टेकवावे, दोन्ही तापले की सोल्डर लावावे. चकचकीत, पसरलेला सांधा चांगला. निस्तेज, गोळ्यासारखा सांधा वरून धरलेला दिसतो, पण आतून सुटलेला असू शकतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची धन-ऋण बाजू उलटी लागली तर तो तापून फुगतो, क्वचित फुटतोही. या आयसीच्या पाठीचा धातूचा पत्रा ऋण पुरवठ्याशी जोडलेला असतो. त्यामुळे तो आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची चकती बसवावीच लागते.

'थोडे जास्त असलेले बरे' हा विचार येथे घातक ठरतो. १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर डायोडनंतर प्रत्येक बाजूस साधारण १६ व्होल्ट मिळतात. आयसीची मर्यादा प्रत्येक बाजूस १८ व्होल्ट आहे. अधिक आवाजाच्या मोहाने १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्टेज २० च्या आसपास जाते आणि आयसी पहिल्याच दिवशी जळतो. घरातल्या खोलीत नेहमीच्या ऐकण्यास एक वॅटही बहुधा पुरतो. या आयसीचे बारा-चौदा वॅट ही आधीच भरपूर शिल्लक आहे.

पहिल्यांदा वीज देताना घरातील मोठ्या माणसाने शेजारी असावे. २३० व्होल्टचा भाग झाकलेला हवा, फ्यूज हवा आणि पेटी धातूची असल्यास अर्थिंग हवे. जुने कारागीर ट्रान्सफॉर्मरच्या वाटेत साठ वॅटचा पिवळा दिवा जोडून घेत. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो प्रखर जळत राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे आणि वीज बंद करावी. अशा वेळी नुकसान दिव्यावर निभावते, ट्रान्सफॉर्मर वाचतो. त्यानंतरही लगेच स्पीकर लावू नये. आधी आउटपुटवरील डीसी व्होल्टेज मोजावे. ते काही मिलिव्होल्टांतच असावयास हवे. पूर्ण व्होल्ट दिसला तर स्पीकरची कॉइल जळण्याचा धोका असतो. ही मोजणी दोन मिनिटांची असते, परंतु उत्साहाच्या भरात नेमकी हीच राहून जाते.

मोठ्या माणसाने शेजारी असावे, इस्त्री मात्र आपल्या हाती घेऊ नये. विजेच्या सुरक्षिततेत तडजोड नाही, पण एखादा आयसी जळला तर जळू द्यावा. त्याची किंमत फार नसते आणि तो का जळला हे शोधताना मुलाला जे कळते ते शिकवणीत मिळत नाही. व्यापारी घरातील मुलांना वस्तूचा भाव लवकर कळतो. ती वस्तू कशी घडते आणि कोठे बिघडते, हे कळण्याचे प्रसंग मात्र थोडे येतात. ज्याने एकदा सांधे स्वतः जोडले, तो पुढे दुकानात कोणतेही यंत्र हाताळताना चकाकत्या पेटीपुरते पाहत नाही. विक्रेत्याला तो नेमका प्रश्न विचारतो. यंत्र बंद पडले तर ते टाकून देण्यापूर्वी उघडून पाहतो. तयार यंत्र दोन-तीन वर्षांनी मुके झाले की बहुधा भंगारात जाते. स्वतः जोडलेल्या यंत्रातला कोणता कपॅसिटर बदलायचा, हे जोडणाऱ्याला ठाऊक असते. संचाच्या हिशेबातील जमेची बाजू ही एवढी आहे आणि ती पहिल्या दिवशी दिसत नाही.

काम पुरे झाल्यावर एक छोटा कागद लिहावा. दोन्ही बाजूंचे पुरवठा व्होल्टेज, आउटपुटवरील डीसी, वापरलेल्या ट्रान्सफॉर्मरचे माप, फ्यूज किती अँपिअरचा आणि तारीख. तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. दहा वर्षांनी जो कोणी ते झाकण उघडेल, त्याला आरंभीची शिल्लक माहीत असेल आणि पुढचा ताळमेळ तेथूनच सुरू करता येईल.