धुराने धूळ जात नाही

चवथ जवळ आली की पेडणे-डिचोलीतल्या आपल्या जुन्या घरांत माळ्यापासून देवघरापर्यंत झाडलोट सुरू होते. जळमटे काढताना कुणाला शिंका लागतात, कुणाचा दमा उसळतो. हल्ली यावर एक नवा उपाय दारात येऊ लागला आहे. यंत्र घेतलेला माणूस दारे-खिडक्या बंद करायला लावतो, खोल्यांत धूर सोडतो आणि "ॲलर्जी गेली" म्हणून पैसे घेऊन जातो. आमच्या वाड्यावरच्या एका घरात हा प्रयोग झाला. त्याच रात्री दमेकरी नातवाला दवाखान्यात न्यावे लागले.

धूरफवारणीचे यंत्र मुळात डासांसाठी. उडणारा डास त्या थेंबांनी मरतो. ॲलर्जीचे मोठे कारण मात्र गादीत, उशीत दडलेले असते. डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे आपल्या कातडीच्या गळलेल्या कणांवर जगतात आणि त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. किडा मेला तरी विष्ठा तिथेच राहते. धूर कापसाच्या गादीत खोल शिरतही नाही. उलट औषधाचा थर भांड्यांवर, अंथरुणावर बसतो आणि दमेकऱ्याच्या छातीला तोच झोंबतो. कोविडच्या दिवसांत, मे २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनेही बंद जागेत जंतुनाशकाची सरसकट फवारणी वा धूर करू नये, असेच सांगितले होते.

मग करावे काय? किडे आणि बुरशी दोन्ही ओलीवर पोसतात. म्हणून आधी गळकी कौले परतावीत. उघडीप मिळताच गाद्या-गोधड्या उन्हात टाकाव्यात आणि अंगणातच झटकाव्यात. चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवावेत. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि त्या वेळी दमेकऱ्याला बाहेर बसवावे. डॉक्टरांनी दिलेला पंप मनाने बंद करू नये. यातले बहुतेक आपल्या आज्या करीतच होत्या.

पण डिचोलीकरांनो, सगळीच धूळ घरातली नव्हे. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या. २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. खाणीवर अनेकांची चूल पेटते, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणून खनिजाच्या धुळीने मुलांच्या छात्या भराव्यात काय? ट्रकांवर घट्ट ताडपत्री हवी, रस्त्यावर पाणी मारले पाहिजे आणि हवेतल्या धुळीचे मोजमाप ग्रामसभेत वाचून दाखवले पाहिजे. पेडण्यातल्या चिरेखाणींनाही हाच नियम लावावा.

घरातली ओल काढणे आपले काम. रस्त्यावरची धूळ आवरणे खाणमालकांचे आणि सरकारचे. पुढच्या ग्रामसभेला घरटी एक माणूस तरी हजर राहावा आणि हे तोंडावर विचारावे. यंत्रवाल्याला द्यायचे पैसे तूर्त कौले परतायला ठेवावेत.