संगणकाची मुदत कोणी ठरवायची?

विंडोज 10 या संगणक प्रणालीची नियमित मोफत अद्यतने मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. म्हणूनच या निर्णयाचे गांभीर्य अनेकांच्या ध्यानात आले नाही. यंत्र चालत राहते, पण प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत. त्याचा अर्थ मे 2017 मध्ये जगाने अनुभवला. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती दोन महिने आधीच आली होती. ती न बसवलेले संगणक बळी पडले. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यांत होते.

विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. मुलांच्या शिक्षणासाठी हप्त्यांवर घेतलेले धडधाकट यंत्र केवळ या अटीपायी भंगारात जावे, हे मला मान्य नाही.

घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अद्यतनांची सोय ठेवली. ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यानंतर युरोपीय आर्थिक क्षेत्रात ती मोफत झाली. भारतीयांपुढे मात्र तीन पर्याय ठेवले गेले: सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवा, 1000 रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर पैसे मोजा. हा भेद तंत्रज्ञानाचा नाही, ग्राहकाच्या संघटित शक्तीचा आहे.

केंद्राने 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिचा भर शेती अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी वस्तू आणि वाहनांवर होता. संगणक प्रणालीही या हक्काच्या कक्षेत यायला हवी. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापावी लागते. तशी सुरक्षा अद्यतने कधीपर्यंत मिळतील, ती तारीख संगणकाच्या खोक्यावर का नसावी?

तोवर जुना संगणक वापरणाऱ्यांनी वाढीव अद्यतनांसाठी नोंदणी करावी, महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क काढून ठेवावी आणि रोजच्या कामासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले खाते वापरावे. यंत्र मंदावले असेल, तर सुरू होतानाच उघडणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यास बहुधा फरक जाणवतो. अद्यतने थांबल्यावर लिनक्सचा मोफत मार्ग खुला आहे. अन्यथा त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

हे उपाय नागरिकाने आपल्या घरापुरते करायचे आहेत. चालत्या यंत्राची मुदत एकट्या विक्रेत्याने ठरवू नये, हे पाहणे मात्र सरकारचे काम आहे.