अंगणात तरवड लावा

नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ बांधायची, ही मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची रीत. पूर्वी गावाबाहेरच्या माळावर गेलं की ओटाभर पिवळी फुलं मिळायची. आता माळांवर प्लॉट पडले, रस्ते रुंद झाले, बांध निघाले आणि तीच फुलं बाजारातून आणायची वेळ आली. नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर, देगलूर-बिलोली-धर्माबादकडच्या तेलुगू घरांतून याच दिवसांत फुलांची बतुकम्मा रचतात. तिच्यातही तरवड आणि कुर्डू हवेतच. तेलंगणाने तर तरवडाला राज्यफूल केलं. आपण मात्र कुर्डू सोयाबीनमधून खुरपून टाकतो आणि तरवडाला झुडूप म्हणून जेसीबीपुढे सोडतो. मला याचं फार वाईट वाटतं.

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, हे विसरायचं कसं? त्याच लातुरात नव्या बंगल्यांपुढे आजही हिरवळ अंथरली जाते आणि तिला उन्हाळाभर नळी लावावी लागते. तरवडाचं सोटमूळ खोल जातं. एकदा रुजला की भर वैशाखातही तो वरच्या पाण्यावाचून तग धरतो. शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाही, म्हणून कुंपण नसलेल्या अंगणातही तो टिकतो. फुलात मध नसतो, तरी काळे भुंगे येतातच. पंखांच्या गुणगुणीने परागकोश हलवून पराग झाडून घेतात. पांढुरकी-पिवळी फुलपाखरं पानांवर अंडी घालतात. अळ्या दिसल्या म्हणून औषध फवारू नका.

लावणी सोपी आहे. बियांचं कवच टणक असतं, म्हणून गरम पाणी ओतून त्या रात्रभर भिजू द्याव्यात आणि मृगाच्या पावसावर जागच्या जागी टोकाव्यात. सोटमूळ दुखावलं की रोप बसतं, त्यामुळे उपटून दुसरीकडे लावण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचतं. तिथे मुरूम मिसळून वीतभर उंच वाफा करावा. शेजारी पिवळी कोरांटी, कुंपणाला शतावरी आणि गोकर्ण लावली की पाऊस सरेपर्यंत काही ना काही फुललेलं राहतं.

कळलावी मात्र जपून लावायची. पानाच्या टोकानेच कुंपण धरत ती वर चढते. पाकळ्या आधी पिवळ्या, मग लालभडक होतात. पाऊस संपला की वेल वाळतो, कंद जमिनीत झोपून राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कोंब काढतो. कंदासह सगळीच वेल जहाल विषारी, म्हणून लहान मुलांच्या घरात ती नकोच. आणि रानातले कंद कुणीही उकरू नयेत. औषधासाठी उकरून उकरूनच ती विरळ झाली. बी पेरा. फूल यायला तीन-चार वर्षं लागतात, लागू द्या.

आपल्या भागात काय काय उगवतं, याची पक्की नोंद व्ही. एन. नाईक यांनी 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' या १९९८च्या ग्रंथात करून ठेवली आहे. कॉलेजांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी त्यावरून आपापल्या तालुक्याची फुलझाडं निवडून रोपवाटिका कराव्यात, असं मला मनापासून वाटतं.

तोवर एवढं करा. येत्या पौषात तरवडाच्या चपट्या शेंगा वाळतील, तेव्हा मूठभर बी गोळा करा, बाकीचं झुडपावरच राहू द्या, आणि एक पुडी शेजारच्या घरी द्या.