कॉम्प्युटरचं ‘झाड’ सिस्टरला वाचता आलं पाहिजे

पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून पहाटे येणारा एक पेशंट डॉक्टरांनाही चकवू शकतो. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, गिळायला त्रास होतो. अंगावर खूण नाही, सूज नाही, साप कोणी पाहिलेला नाही. घरच्यांना वाटतं, अपचन झालं. पण हा मण्यारचा दंश असू शकतो.

अशा वेळी ड्युटीवरच्या माणसाला हवी असते प्रश्नांची सरळ साखळी. तिलाच डिसिजन ट्री किंवा निर्णयवृक्ष म्हणतात. प्रश्न विचारायचा, ‘हो’ असेल तर एक फांदी, ‘नाही’ असेल तर दुसरी, शेवटच्या पानावर निर्णय. आशाताई बाळाचा श्वास मोजतात, तेही असंच झाड आहे. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असतील तर तो जलद श्वास.

कॉम्प्युटर काय करतो?

मशीन लर्निंगमध्ये हेच झाड कॉम्प्युटर जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून बनवतो. १९८४ साली ब्रायमन आणि सहकाऱ्यांच्या पुस्तकात हार्ट अटॅकच्या रुग्णांसाठी असं झाड दिलं होतं. पहिल्या २४ तासांत १९ गोष्टी नोंदवलेल्या, पण जास्त धोका कोणाला हे सांगायला झाडाला तीनच प्रश्न पुरले: वरचं ब्लडप्रेशर, वय आणि हृदयाची जलद गती. हे कोणीही वाचू शकतो.

आज मात्र प्रोग्रॅममधून जसंच्या तसं छापलेलं झाड पाहिलं की डोकं गरगरतं. दहा-बारा पायऱ्या, मुंगीएवढी अक्षरं आणि चौकटीत ‘पापणी झुकली <= ०.५’ असलं काहीतरी. यातला धोका बघा. कॉम्प्युटरमध्ये ‘नाही’ म्हणजे ० आणि ‘हो’ म्हणजे १. म्हणजे वरचं वाक्य खरं असेल, तर पापणी झुकलेली *नाही*! घाईत वाचणारी सिस्टर ‘खरं’ लिहिलेल्या फांदीने गेली, तर पापणी झुकलेला पेशंट नेमका उलट्या टोकाला पोहोचतो.

माझं मत

झाड वाचता येणं ही सजावट नाही, उपचाराचाच भाग आहे. म्हणून दवाखान्यात लावायच्या झाडात निदान एवढं हवं:

- चौकटीत साधा मराठी प्रश्न: “पापण्या झुकल्या आहेत का?” आणि फांद्यांवर ‘हो’, ‘नाही’.
- तीन-चार पायऱ्या. जास्त लागत असतील तर दोन वेगळी पानं.
- आकड्यासोबत एकक. वय ‘६२.५’ नको, ‘६३ किंवा जास्त’ लिहा.
- प्रत्येक पानावर, हा निर्णय किती रुग्णांवरून काढला तो आकडा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. समजा, नोंदींत मण्यारचे रुग्ण थोडेच होते. मग कॉम्प्युटर सगळ्यात वर ‘दंशाची खूण आहे का?’ हा प्रश्न ठेवेल आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला घरी पाठवेल. पानावर ‘रुग्ण ४’ एवढं दिसलं, तर अनुभवी सिस्टर तिथेच थांबेल. तिला हेही माहीत असतं की घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठत नाही, म्हणून काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटं रक्त ठेवून बघतात. पण मण्यारच्या दंशात ही तपासणी नॉर्मल येऊ शकते. तिथे पापण्या, गिळणं आणि श्वास बघावा लागतो. कॉम्प्युटरची चूक पकडणारा माणूस दवाखान्यात असतो, पण त्याला झाड वाचता आलं तरच.

काही जण म्हणतील, झाड छोटं केलं की अचूकता थोडी घटते. घटू शकते. पण रात्री दोन वाजता न वाचलेल्या झाडाची अचूकता शून्यच असते.

तुमच्यासाठी

साप चावला किंवा पहाटे अशी लक्षणं दिसली, तर चिरा देऊ नका, घट्ट बांधू नका, भगताकडे वेळ घालवू नका. हातपाय हलू न देता १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरही प्रतिविषाचं इंजेक्शन एकच आहे.

आणि उद्या कोणी म्हणालं, “कॉम्प्युटरने सांगितलंय,” तर न घाबरता विचारा, “कशावरून?” उत्तर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.