झोपेची गोळी : लपवू नका, विचारून घ्या

मी मिरजेतील एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. आमच्या मोहल्ल्यात झोपेच्या गोळीबद्दल दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. कोणी म्हणते, ‘ती नशा आहे, वेड्यांचे औषध आहे.’ कोणी म्हणते, ‘भाई, अम्मीच्या गोळ्या संपल्यात, एक स्ट्रिप द्या ना. चिठ्ठी घरी राहिली.’ पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकाच घरातून येतात. गोळीची लाज वाटते म्हणून डॉक्टरांकडे जाणे टळते आणि डॉक्टरांना टाळले की गोळी चोरून सुरू राहते.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे आपल्या देशात ‘शेड्यूल एच-१’ मध्ये मोडतात. १ मार्च २०१४ पासून ती विकताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहावी लागते. ती वही तीन वर्षे जपावी लागते. गिऱ्हाईक यावर चिडते, पण हा नियम त्याच्याच भल्याचा आहे.

या गोळ्यांची शरीराला काही आठवड्यांतच सवय लागू शकते. मग एकीने भागत नाही, माणूस दोन घेतो. एकदम बंद केल्या तर झोप आणखी उडते, जीव घाबरतो, हात थरथरतात, कधी फिटही येते. म्हणून रोजची गोळी मनाने बंद करू नये. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. दारू, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांच्यासोबत ती घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. रात्री जोरात घोरणाऱ्याने तेही डॉक्टरांना सांगावे. दादी-नानींना या गोळीमुळे रात्री तोल जाऊन पडण्याचा धोका असतो.

एकाची गोळी दुसऱ्याला देणे तर नकोच. झोल्पिडेमचा अंश सकाळीही रक्तात राहतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली स्त्रियांसाठी त्याच्या साध्या गोळीचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला. २०१९ मध्ये याच औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण काही लोक झोपेतच चालल्याच्या, गाडी चालवल्याच्या घटना घडल्या होत्या.

आता रमजानविषयी. झोल्पिडेम घेतल्यावर सात-आठ तास सलग झोपायला मिळायला हवेत. तरावीहनंतर अकराला गोळी आणि चारला सेहरी, हे गणित जमत नाही. वर सकाळी मोटारसायकल काढली तर धोका दुप्पट. दुसरीकडे काही जण ‘रोजात नशेची गोळी नको’ म्हणून पहिल्याच दिवशी ती सोडून देतात. हेही तितकेच धोक्याचे. रमजानच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटून वेळ आणि डोस ठरवून घ्यावा. इलाज घेण्यात लाजण्यासारखे काही नाही.

तरुण मित्रांनो, नाइट शिफ्ट, परीक्षा, मोबाइल यांनी तुमचीही झोप उडते. पण गोळी हा पहिला उपाय नव्हे. जुन्या निद्रानाशावर आधी वर्तनोपचार करावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितले. रोज ठरल्या वेळी उठणे, झोप येत नसेल तर अंथरुणातून बाहेर येणे, पलंगावर मोबाइल न घेणे, झोपेच्या काळजीवर बोलणे, अशा गोष्टी त्यात येतात. न झोपण्यामागे उदासी असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीही बोलता येते.

आणि गोळी लागलीच, तर डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा : किती दिवस घ्यायची? बंद कशी करायची? आधीच्या औषधांसोबत चालेल का? कुटुंबात इंग्रजी लेबल वाचणारे बहुधा तुम्हीच असता. लाल चौकटीतला इशारा वाचा आणि अम्मी-अब्बूंना समजावून सांगा. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जाणे ही तुमचीच जबाबदारी आहे.