रंगीत चित्र म्हणजे पुरावा नव्हे

अभियांत्रिकीच्या मुलांचे प्रकल्प हल्ली पाहायला मिळतात. फिरणाऱ्या शाफ्टचे निळे-तांबडे चित्र आणि खाली एकच शब्द: 'सुरक्षित'. माझा आक्षेप या शब्दाला आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर, पण प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

फायनाइट एलिमेंट पद्धत खोटी नाही. शाफ्टचे बारीक तुकडे कल्पून ती प्रत्येकावरचा ताण काढते. पण स्थिर शाफ्टवर एकदाच भार टाकला, तर उत्तरही थांबलेल्या शाफ्टचेच मिळणार ना?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंगमधला रेचा घ्या. त्याच्या चामडी रोलरवर पात्याचा दाब एकाच बाजूने येतो. त्यामुळे शाफ्टच्या पृष्ठावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला १०० फेरे धरा. चोवीस तासांत १,४४,००० वेळा! एका भाराने न मोडणारे पोलाद अशाने थकते. तडा बहुधा चावीच्या खाचेशी किंवा जाडी बदलते तिथे सुरू होतो. जर्मनीत व्होलरने रेल्वेच्या आसांसाठी हे १८७० पर्यंतच प्रयोगांनी दाखवले होते.

'सॉफ्टवेअरला सगळे कळते' म्हणणाऱ्यांनी सांगावे: खाच चित्रात काढली का? थकव्याचे गणित केले का? ते विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर सांगत नाही.

ऐन हंगामात शाफ्ट मोडला, तर कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबतात. तिथल्या शेतकऱ्याला निळा रंग दाखवणार का?

गुरुजनहो, गुण देण्याआधी मुलांना एकदा जिनिंगवर न्या. मोडलेला शाफ्ट हातात द्या.